उष्णतेचं वाटप आणि परभणीचा पाऊस

(परभणी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्यापुढे समुद्राविषयी बोलणार आहे. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. माझा आजचा समुद्र तर त्याहूनही कितीतरी लांबचा, ग्रीनलंडच्या दक्षिणेचा, उत्तर अटलांटिकचा. मग परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, मानवत, पालम, सोनपेठ, पूर्णा इथल्या माणसाने त्याची चिंता का करावी? सोयाबीनला भाव नाही, कापसावर बोंडअळी आहे, दुधनेत पाणी कधी असतं तर कधी नसतं. त्यात आणि हा अटलांटिक कशाला?

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी आलो आहे. चार मुद्दे क्रमाने मांडतो. अटलांटिकच्या पोटात काय वाहतं आणि ते मंदावलं की तिथल्या हवेचं काय होतं, हा पहिला. त्याने सगळ्या जगाचं तापमान वाढतं की घटतं, हा दुसरा. ते परभणीपर्यंत कसं पोहोचतं, हा तिसरा. आणि आपण काय करायचं, हा चौथा. सगळ्याचं सार आधीच सांगून टाकतो: समुद्राचे प्रवाह उष्णता निर्माण करत नाहीत, ते उष्णतेचं वाटप करतात. वाटप बिघडलं की सरासरी जागच्या जागी राहूनही माणसं उद्ध्वस्त होऊ शकतात.

सरासरीवर माझा एवढा रोख का, हे आधी सांगतो. आपल्या कृषी विद्यापीठातली वेधशाळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अशा प्रत्येक वेधशाळेत गवतावर चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी असते. तिच्या चारही बाजूंना झडपा असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आत येत नाही. तिचं दार उत्तरेकडे उघडतं, निरीक्षकाने ते उघडलं तरी ऊन तापमापकावर पडू नये म्हणून. एका तापमापकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली असते, दुसरा कोरडा असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जो पारा आपण वाचतो, तो या पेटीतला; जमिनीचा नव्हे, उन्हाचाही नव्हे, तर जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या, सावलीतल्या हवेचा. आज मी तापमान म्हणेन तेव्हा हेच तापमान अभिप्रेत आहे.

आता याच पेटीतल्या वर्षभराच्या नोंदींची सरासरी काढा आणि मुंबईच्या सरासरीशेजारी ठेवा. दोन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ येतील. पण मुंबईचा माणूस आणि परभणीचा माणूस एकाच हवेत राहतो का? मे महिन्यात इथला पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीच्या लाटेत पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. मुंबईला हे दोन्ही ठाऊक नाही, कारण मुंबईच्या दाराशी समुद्र आहे. तो उन्हाळ्यात उष्णता पोटात घेतो आणि हिवाळ्यात परत देतो. सरासरी सारखी आणि आयुष्य वेगळं, हे परभणीइतकं कुणाला कळणार? तोच धडा आज आपल्याला जगाच्या नकाशावर वाचायचा आहे.

पहिला मुद्दा. अटलांटिक महासागरात वरच्या थरातून कोमट, खारट पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं. वाटेत त्याची वाफ होते, मीठ मागे उरतं, खारटपणा वाढतो. नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या आसपास पोहोचल्यावर ते आपली उष्णता तिथल्या थंड हवेला देऊन टाकतं. थंड झालेलं आणि खारट असलेलं पाणी जड होतं, खोल बुडतं आणि दोन-तीन किलोमीटर खोलीवरून पुन्हा दक्षिणेकडे निघतं. वरून उत्तरेला आणि खालून दक्षिणेला, असं हे अव्याहत रहाटगाडगं. शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅमोक म्हणतात. आपण अटलांटिकचा महाप्रवाह म्हणू.

हा महाप्रवाह केवढा आहे? दर सेकंदाला साधारण १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी. आपला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरला की त्यात सुमारे २९० कोटी घनमीटर पाणी मावतं. म्हणजे काठोकाठ भरलेलं जायकवाडी धरण या प्रवाहाने तीन मिनिटांच्या आत रिकामं केलं असतं. आणि त्याबरोबर उत्तरेला जाणारी उष्णता? जगातली सगळी माणसं मिळून वीज, इंधन, कारखाने, गाड्या या सगळ्यांसाठी जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्या पन्नासपटींहून अधिक.

हे मोजलं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. २००४ सालापासून साधारण २६ अंश उत्तर अक्षांशावर, बहामा बेटांपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, समुद्रतळाला दोर बांधून त्यांवर उपकरणं टांगलेली आहेत. ती पाण्याचं तापमान, खारटपणा आणि दाब मोजतात. आणखी एक साधन त्याहून जुनं आहे. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामध्ये समुद्रतळावर टेलिफोनची केबल टाकलेली होती. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहतं तेव्हा त्या केबलमध्ये बारीकसा विद्युतदाब निर्माण होतो. पाणी जास्त वाहिलं की दाब जास्त, कमी वाहिलं की कमी. १९८२ पासून शास्त्रज्ञ या केबलवरून तिथला प्रवाह मोजत आले आहेत.

हा प्रवाह मंदावतो कशामुळे? त्याचा सारा जोर पाण्याच्या जडपणावर आहे, आणि जडपणा थंडाव्यावर व मिठावर. आपण कोळसा आणि तेल जाळून पृथ्वी तापवली. त्यामुळे उत्तरेचं पाणी पूर्वीइतकं थंड होत नाही. वर ग्रीनलंडचं बर्फ वितळतं, दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक. ते गोडं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळलं की मीठ पातळ होतं, पाणी हलकं होतं, बुडायला तयार होत नाही.

यात एक मोठा धोका दडलेला आहे. हेन्री स्टोमेल या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच तो दाखवून दिला. उत्तरेला मीठ कोण आणतं? हाच प्रवाह. प्रवाह मंदावला की मीठ कमी येतं. मीठ कमी आलं की पाणी आणखी हलकं होतं. पाणी हलकं झालं की प्रवाह आणखी मंदावतो. एका मर्यादेपलीकडे हे चक्र स्वतःच स्वतःला खाली ओढतं. पुढे १९८८ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रोनाल्ड स्टाउफर यांनी संगणकावर हेच दोन स्थिर अवस्थांचं चित्र उभं केलं: एक प्रवाह चालू असलेली, दुसरी बंद पडलेली. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा हवामानाच्या गणिताचा तो गौरव होता.

प्रवाह मंदावल्यावर हवेचं काय होतं? जगाच्या तापमानवाढीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. गेल्या शंभर वर्षांत सगळीकडे लाली चढत गेली आहे. पण ग्रीनलंडच्या दक्षिणेला एक निळा डाग आहे. सगळं जग तापत असताना तेवढा समुद्राचा तुकडा थंड झाला. अनेक शास्त्रज्ञ त्यात महाप्रवाह मंदावल्याची खूण पाहतात: उष्णता आणणारं पाणी कमी आलं, म्हणून तिथलं पाणी आणि त्यावरची हवा थंड. या डागाच्या आधारे जर्मनीतल्या पॉट्सडॅम संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला की विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रवाह साधारण १५ टक्क्यांनी मंदावला असावा. थेट मोजणी केवळ दोन दशकांची आहे आणि त्यात नैसर्गिक चढउतार मोठे आहेत. २००९-१० मध्ये प्रवाह जवळपास वर्षभर ३० टक्क्यांनी घटला आणि पुन्हा सावरला. त्या काळात न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी दहा सेंटीमीटरहून अधिक चढली होती. एका वर्षाच्या मंदीने एवढं होतं, तर शतकभराच्या मंदीने काय होईल?

इथून दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. महाप्रवाह मंदावला तर सगळ्या जगाचं हवेचं तापमान वाढेल की घटेल?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांचे सरळसरळ दोन पक्ष पडले. २०१८ मध्ये चेन आणि टुंग या दोन संशोधकांनी म्हटलं की महाप्रवाह जोरात असतो तेव्हा तो वातावरणातली जादा उष्णता खोल समुद्रात पुरतो. तो मंदावला की पुरण्याचं काम थांबतं आणि उष्णता वरच राहते. म्हणून पृष्ठभागावरची हवा वेगाने तापते. १९७५ ते १९९८ या काळात प्रवाह क्षीण होता आणि जग झपाट्याने तापलं, हा त्यांचा दाखला.

दोन वर्षांनी पॉट्सडॅमच्या कायसार, राह्मस्टॉर्फ आणि फॉयलनर यांनी याच्या उलट मांडलं. त्यांचं म्हणणं असं की प्रवाह जोरात असतो तेव्हा उत्तरेतला समुद्र हवेला अधिक उष्णता देतो आणि जगाचं सरासरी तापमान किंचित वर असतं. प्रवाह मंदावला तर हरितगृह वायूंमुळे होणाऱ्या वाढीला थोडा लगामच बसतो.

श्रोतेहो, हा वाद मी मुद्दाम तुमच्यापुढे ठेवला. दोन्ही बाजू ज्या परिणामावरून भांडतात, तो जगाच्या सरासरीत लहान आहे. हरितगृह वायूंनी जी वाढ केली, तिच्यापुढे तो दुय्यम आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक गरम गेलं, ते समुद्राच्या प्रवाहामुळे नाही, आपण जाळलेल्या इंधनामुळे. पण म्हणून महाप्रवाहाची मंदी बिनमहत्त्वाची ठरते का? मुळीच नाही. सरासरीत जे दिसत नाही ते वाटपात दिसतं.

आपल्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं घ्या. धरणात पाणी किती, हे पेपरात छापून येतं. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याची जमीन आहे, त्याचा प्रश्न वेगळा असतो: आवर्तन सुटलं का, आणि माझ्या चारीपर्यंत आलं का? धरण सत्तर टक्के भरलेलं असतानाही टोकाचा शेतकरी कोरडा राहू शकतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहोत. पृथ्वीवरच्या उष्णतेचंही असंच आहे. महाप्रवाह मंदावला की उत्तर अटलांटिकच्या वाट्याची उष्णता दक्षिणेत तुंबते. उत्तर गोलार्ध तुलनेने थंड, दक्षिण गोलार्ध तुलनेने गरम. बेरीज तीच, वाटणी वेगळी. आणि पाऊस बेरजेवर चालत नाही, वाटणीवर चालतो.

हाच माझा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीला वेढणारा पावसाचा एक पट्टा आहे. तो उष्णतेच्या मागे जातो. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि आपला नैऋत्य मोसमी पाऊस येतो. आता दोन गोलार्धांतल्या उष्णतेची वाटणीच बदलली तर? पट्टा दक्षिणेकडे ओढला जातो आणि आपल्या वाट्याचा पाऊस घटतो. महाप्रवाह बंद पडला तर काय होईल, याची संगणकी मॉडेलं चालवून पाहिली, तेव्हा भारतीय मोसमी पाऊस कमी होतो, असंच उत्तर पुन्हा पुन्हा आलं.

हे नुसतं संगणकाचं भाकीत नाही. समुद्राच्या तळाशी याचा दप्तरी पुरावा आहे. साधारण १२,९०० वर्षांपूर्वी हिमयुग संपत आलेलं असताना उत्तर अटलांटिकमध्ये प्रचंड गोडं पाणी शिरलं, महाप्रवाह मंदावला आणि उत्तर गोलार्धाचा मोठा भाग पुन्हा गारठला. ही थंडी हजार-बाराशे वर्षं टिकली आणि संपली तेव्हा काही दशकांतच ग्रीनलंडचं तापमान सुमारे दहा अंशांनी वर गेलं. त्या काळात अरबी समुद्रात काय चाललं होतं? समुद्रतळावर थरावर थर साचलेला गाळ काढून तपासला गेला. आपला मोसमी वारा जोरात असतो तेव्हा अरबी समुद्राच्या पश्चिम भागात खालचं पोषक पाणी वर येतं, सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांची कवचं तळाशी साचतात. वारा क्षीण तर कवचांची जात आणि प्रमाण बदलतं. ग्रीनलंडच्या बर्फातल्या थंडीच्या खुणा आणि अरबी समुद्राच्या गाळातल्या क्षीण मोसमीच्या खुणा एकमेकींशी जुळल्या. २००३ मध्ये अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांच्या शांत काळातही उत्तर अटलांटिक थंड पडला की आपला मोसमी वारा क्षीण होत आला आहे.

कुणी म्हणेल, ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हयातीतलं सांगा. सांगतो.

परभणीच्या शेतकऱ्याला सगळ्यांत जास्त भीती कोणत्या दिवसांची असते? मृगाची पेरणी चुकली तर दुबार पेरता येतं, तोटा होतो पण हंगाम हातचा जात नाही. खरी कसोटी मघा आणि पूर्वा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. सोयाबीन फुलावरून शेंगेवर येत असतं. दाणा भरण्याचे तेच दिवस. खर्च सगळा होऊन गेलेला असतो: बियाणं, खत, फवारणी, कोळपणी. अशा वेळी पावसाने खंड दिला, तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, तर काळ्या रानाला भेगा पडतात, फुलं गळतात, शेंग धरली तरी दाणा ज्वारीएवढा राहतो. कपाशीची पातेगळ होते. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. ते अल निनोचं, म्हणजे पॅसिफिक नेहमीपेक्षा तापण्याचं वर्ष होतं आणि त्याची चाहूल आधीपासून होती.

पण अल निनो नसताना पडणाऱ्या दुष्काळांचं काय? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी शंभरहून अधिक वर्षांच्या पावसाच्या नोंदी उलगडल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडला. त्या काळातल्या २३ दुष्काळांपैकी १० दुष्काळ अल निनो नसलेल्या वर्षांत पडले होते. अल निनोच्या वर्षी पाऊस जूनपासूनच मागे पडत जातो. या दहा वर्षांत मात्र वेगळंच घडलं. जूनमध्ये थोडी तूट, जुलैच्या मध्यापासून पाऊस सावरतो, शेतकऱ्याला धीर येतो. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस एकदम तुटतो.

हा पाऊस कुठून तुटतो? त्यांचं उत्तर होतं: उत्तर अटलांटिकमधून. तिथला समुद्र त्या दिवसांत नेहमीपेक्षा थंड असतो. वरच्या हवेत त्या थंड पाण्यामुळे एक भोवरा तयार होतो आणि त्यातून उठलेली लाट वाऱ्याच्या वरच्या थरांतून युरोप ओलांडत पूर्व आशियापर्यंत जाते. वाटेत ती आपल्या मोसमी वाऱ्यांची घडी विस्कटते. म्हणजे आपल्या सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या नेमक्या दिवसांत ग्रीनलंडच्या दक्षिणेचा थंड समुद्र आपल्या शिवारात येऊन पोहोचतो.

एक काळजी इथे घ्यायला हवी. ऑगस्टमधला तो गारवा काही आठवड्यांचा असतो आणि महाप्रवाहाच्या मंदीचा निळा डाग अनेक दशकांचा. दोन्ही एकच आहेत असं कुणी म्हणू नये. पण थंड अटलांटिक आपल्या पावसाला बाधतो, हा रस्ता या अभ्यासाने सिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे माजी संचालक बी. एन. गोस्वामी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं की उत्तर अटलांटिक अनेक वर्षं उबदार राहतो तेव्हा आपल्या वातावरणातला उत्तर-दक्षिण तापमानाचा फरक वाढतो, मोसमी पाऊस उशिरापर्यंत टिकतो. आणि तो थंड राहतो तेव्हा उलट घडतं. ज्या रस्त्याने आठवड्यांचा गारवा येतो, त्याच दिशेला दशकांचा गारवा उभा राहिला, तर आपण निर्धास्त कसं राहायचं?

आता आपल्या समुद्राकडे वळू. हिंदी महासागर हा उत्तरेला बंद असलेला समुद्र आहे. अटलांटिकसारखं उत्तरेला जाऊन, थंड होऊन बुडण्याची सोय त्याच्या पाण्याला नाही. पॅसिफिकचं कोमट पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून त्यात येतं आणि उष्णतेला बाहेर जायची वाट दक्षिणेकडूनच आहे. उष्णदेशीय हिंदी महासागर १९५० पासून साधारण एक अंशाने तापला. पुण्याच्याच संस्थेत रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१५ मध्ये दाखवलं की समुद्र असा तापला की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो, आणि तो फरकच मोसमी वाऱ्याचं बळ असल्यामुळे पाऊस घटतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस साधारण सहा टक्क्यांनी घटला. आणि त्याच वेळी, मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकीकडे खंड, दुसरीकडे ढगफुटीसारखा पाऊस. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडने काय पाहिलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पुन्हा तेच: हंगामाची सरासरी गाठली गेली, पण पीक वाहून गेलं.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. २०१९ मध्ये शिनेंग हू आणि अलेक्सी फेडोरोव्ह यांनी असं दाखवलं की आपला हिंदी महासागर तापल्यामुळे अटलांटिकच्या महाप्रवाहाला आधार मिळतो. कसा? आपला समुद्र तापला की त्यावर पाऊस वाढतो. हवेच्या मोठ्या अभिसरणामुळे उष्णदेशीय अटलांटिकवर पाऊस घटतो. तिथलं पाणी अधिक खारट होतं. ते खारट पाणी उत्तरेला जाऊन सहज बुडतं आणि प्रवाह टिकून राहतो. उद्या हिंदी महासागराच्या तापण्याचा वेग इतर समुद्रांच्या तुलनेत कमी झाला, तर हा आधारही निघून जाईल. अटलांटिक लांबचा, असं आपण म्हणतो. पण त्याची काठी आपल्या समुद्राने धरलेली आहे.

मग हा महाप्रवाह बंद पडणार का? संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये म्हटलं की या शतकात तो मंदावत जाण्याची दाट शक्यता आहे, पण २१०० पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, असं मध्यम विश्वासाने म्हणता येईल. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी गणिताने दाखवलं की तो या शतकाच्या मध्यालाच कोसळू शकतो. २०२५ मध्ये आणखी एका अभ्यासाने म्हटलं की दक्षिण महासागरावरचे वारे त्याला काही प्रमाणात चालू ठेवतील. मध्यम विश्वास! ज्याच्या सगळ्या हंगामाची मदार ऑगस्टच्या तीन आठवड्यांवर आहे, त्याने मध्यम विश्वासावर झोपायचं का? आणि कोसळला नाही, केवळ मंदावला, तरी वाटप बदलायला तेवढं पुरेसं आहे.

आता शेवटचा मुद्दा: आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, समुद्र हा किनाऱ्यावरच्या लोकांचा विषय, हा समज टाकून द्यायचा. देशाच्या समुद्राची माहिती गोळा करणारी राष्ट्रीय संस्था कुठे आहे? हैदराबादला, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. समुद्रात दोन हजार मीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येणारी आणि उपग्रहाला तापमान, खारटपणा कळवणारी आर्गो नावाची यंत्रं आहेत. हिंदी महासागरातल्या आपल्या देशाच्या यंत्रांचं काम तिथूनच चालतं. ती माहिती जगात कुणालाही मोफत पाहता येते. मोसमी पावसाचं मोठं संशोधन चालतं ते पुण्यात, सह्याद्रीच्या अलीकडे. गिल्बर्ट वॉकर यांनी भारतीय हवामान खात्याचं काम करताना पॅसिफिकच्या दोन टोकांमधलं नातं शोधलं, ते मुळात आपल्या दुष्काळाचं कारण शोधताना. सेलूच्या किंवा गंगाखेडच्या महाविद्यालयातली मुलगी उत्तर अटलांटिकच्या तापमानाचा आलेख काढून आपल्या तालुक्याच्या ऑगस्टच्या पावसाशेजारी ठेवू शकते. भौतिकशास्त्र आणि भूगोलाच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: या वर्षी हा एक प्रकल्प द्या.

दुसरं, इशारा शेतापर्यंत पोहोचवायचा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तर अटलांटिक थंड पडतोय असं दिसलं, तर खंडाची शक्यता त्या सल्ल्यात ठळक यायला हवी. दोन आठवडे आधी कळलं तरी पुष्कळ होतं: शेततळ्यातलं पाणी राखून ठेवता येतं, एक संरक्षित ओलीत देता येतं, कोळपून भेगा बुजवता येतात, पोटॅशियम नायट्रेटची फवारणी वेळेवर होते. आणि पेरणीच्या वेळीच रुंद वरंबा सरी केली असेल, सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतलं असेल, तर खंड आणि अतिवृष्टी दोन्हींत काहीतरी हाती लागतं. हे कृषी विद्यापीठ १९७२ च्या मे महिन्यात स्थापन झालं आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने तो भीषण दुष्काळ भोगला. त्या दुष्काळातूनच रोजगार हमीसारखी योजना या राज्याने उभी केली आणि पुढे देशाने ती स्वीकारली. संकटातून कायदा आणि संस्था उभ्या करण्याची परंपरा आपली स्वतःची आहे. पीकविम्याचे निकष ठरवताना ऑगस्टचे ते तीन आठवडे पाहा, अशी मागणी त्याच परंपरेत बसते, आणि ती परभणीतून उठली पाहिजे.

तिसरं, आणि सगळ्यांत मोठं, न्यायाचं. महाप्रवाह मंदावतो तो कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने. ते कुणी जाळलं? जिरायत सोयाबीन पेरणाऱ्या माणसाचा त्यात वाटा नगण्य आहे. त्याचं फळ मात्र त्याच्या वाट्याला सगळ्यांत आधी येतं. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी मराठवाड्याने वर्षानुवर्षं लढा दिला. वरच्यांनी अडवायचं आणि खालच्यांनी कोरडं राहायचं, हे आपण मान्य केलं नाही. उष्णतेच्या वाटपाबाबत ते आपण का मान्य करावं? उत्सर्जन कमी करा, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या, ही मागणी करण्याचा जितका अधिकार बुडणाऱ्या बेटावरच्या माणसाला आहे, तितकाच तो परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आहे. ही मागणी सहानुभूतीच्या जोरावर करू नका. गाळाचा, बर्फाचा आणि शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदींचा पुरावा आता आपल्या बाजूने उभा आहे; त्या पुराव्याच्या जोरावर करा.

तेव्हा जगाचं तापमान इतके अंश वाढलं, अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. ती उष्णता कुणाच्या वाट्याला गेली, कुणाच्या वाट्याची हिरावली, आणि त्याने माझ्या तालुक्याचा ऑगस्ट कसा बदलला, हे प्रश्न विचारा. ते विद्यापीठाला विचारा, हवामान खात्याला विचारा, निवडून दिलेल्या माणसांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.